परगृहसंबंध: सिद्ध

आधीच सांगून ठेवतो, मी कुणाचंही घर मोडलेलं नाही. मी फक्त एक फॉर्म सुधारला. सुधारलेल्या फॉर्मने जर एखादं घर मोडत असेल, तर मुळात त्या घरातच काहीतरी... जाऊ दे. हे वाक्य आमच्या बिल्डिंगमधल्या प्रत्येकाचं आपापल्या परीने पुरं करून झालेलं आहे. मी ते अर्धवट सोडतो.

छत्तीस वर्षं मी कचेरीत मसुदे लिहिले. सूचना, परिपत्रकं, जाहीर खुलासे, दिलगिरी व्यक्त करणारी पत्रं, आणि अशी दिलगिरी व्यक्त केलीच नव्हती असं कळवणारी पत्रं. तुम्ही रांगेत उभं राहून जे वाचता आणि ज्याचा काही केल्या अर्थ लागत नाही, ते माझ्यासारख्याने लिहिलेलं असतं. त्याला अक्कल लागते. ओबडधोबड काय, कुणीही लिहील. आमच्याकडे चौकशीच्या खिडकीशेजारी भिंतीवर 'येथे लघवी करू नये' अशी पाटी होती. बायकामाणसं येतात-जातात, आणि समोर हे! मी रीतसर मंजुरी घेऊन पाटी बदलली. 'येथे कोणत्याही शंकेचे निरसन करू नये.' भिंत काही कोरडी झाली नाही, पण चौकशीच्या खिडकीवरची गर्दी कायमची हटली. माझ्या निरोपाच्या भाषणात साहेबांनी त्या पाटीचा खास उल्लेख केला.

तर असा मी, निवृत्त होऊन घरी बसलेला. माणूस घरी बसला की बायकोला तो पहिल्यांदा नीट दिसतो, आणि आवडत नाही. आमच्या हिने चार महिने कळ काढली आणि मग सांगितलं, "काहीतरी करा. निदान बाहेर जाऊन करा." त्याच आठवड्यात विद्यापीठातून एक संशोधक मुलगी आली. गाणाऱ्या रानपक्ष्यांचा अभ्यास करत होती. आमच्या आवारातल्या झाडांवर घरट्यांसाठी आठ लाकडी पेट्या टांगायच्या होत्या आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला पहाटे उठणारा कुणीतरी रिकामा माणूस हवा होता. बायकोने मला दारातच तिच्या हवाली केलं.

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला सगळे 'ठराव' म्हणतात. गृहस्थ शिंकायच्या आधीसुद्धा अनुमोदक बघतो. त्याने माझा अर्ज वाचला आणि चष्मा पुसला.

"पेटीत राहणारा पक्षी भाडेकरू धरायचा की पाहुणा?"

"पक्षी धरा," मी म्हटलं.

"तशी तरतूद नाही. पाहुणा धरला तर महिन्याच्या वर राहता येणार नाही. आणि पिल्लं झाली तर?"

"झाली तर झाली!"

"असं कसं? वाढीव रहिवासी होतात ते. पाण्याच्या टाकीवर ताण येतो."

सात पत्रं झाली. शेवटी पक्ष्यांना 'हंगामी सभासद, मताधिकार नाही' असं धरून परवानगी मिळाली. हा शब्दप्रयोग अर्थातच माझा. मग शेजाऱ्यांचे सल्ले सुरू झाले. तळमजल्यावरच्या काकू आहेत, त्यांना बिल्डिंगमध्ये 'भोंगा' म्हणतात. गिरणीचा भोंगा परवडला, तो निदान ठरलेल्या वेळी वाजतो. त्यांनी पेट्यांना बाहेरून कडी लावायला सांगितलं, चोऱ्या फार होतात म्हणून. तिसऱ्या मजल्यावरच्या इंजिनिअरने भोकं मोठी करायला सांगितली. "लहान भोकात लहान पक्षी येणार. लहान पक्ष्यात काय आहे?" मी सगळ्यांचे आभार मानले आणि पेट्या जशा होत्या तशा टांगल्या. एक ते आठ आकडे घातले. आठांपैकी दोनच पेट्यांत बिऱ्हाडं आली, फाटकाशेजारच्या झाडावर सात नंबरला आणि मागच्या बाजूला चार नंबरला. पेट्यांच्या नंबरांचा आमच्या घरांच्या नंबरांशी काडीचाही संबंध नव्हता, हे कृपया लक्षात ठेवा. बिल्डिंगमध्ये हे कुणीही लक्षात ठेवलं नाही.

पक्षी काळापांढरा, शेपटी वर करून ऐटीत बसणारा. मी त्याला 'वकील' म्हणत असे. तारेवर बसून तान घ्यायचा ती अशी, की आपण केस हरलो तरी चालेल असं वाटावं. चार नंबरचा वकील विशेष गुणी होता. दिवसभर किडे आणायचा, बायको अंड्यांवर बसली की दारात राखण करायचा. मी आमच्या हिला कौतुकाने दाखवलं तर म्हणाली, "बघा, पोरांना भरवतोय. तुम्ही आपल्या पोरीला एकदा तरी भरवलंत का?" पक्षीनिरीक्षणाचा हा तोटा मला कुणी आधी सांगितला नव्हता.

आता फॉर्म. संशोधक मुलीने तो माझ्या हातात ठेवला आणि माझ्या अंगावर काटा आला. नर, मादी, पिल्लू, पेटी, जोडीबाहेरचे मीलन. हे सगळं भरून मी टेबलावर ठेवायचं, आणि आमच्याकडे शिकवणीला मुलं येतात! मी म्हटलं, "बाळ, ही भाषा चार लोकांत शोभणारी नाही."

"काका, शास्त्रात हेच शब्द असतात."

"शास्त्रात असतील. कागदावर नसावेत."

ती बिचारी भल्या पहाटे फुकट उठणारा माणूस गमवायला तयार नव्हती. "तुम्हाला हवं तसं करा," म्हणाली, "आकडे तेवढे बरोबर ठेवा." आणि आकडे मी बरोबरच ठेवले. माझ्यावर आजवर आकड्यांचा आरोप कुणी केलेला नाही. मी फक्त शब्द बदलले. पेटीला 'घर' केलं. नराला 'गृहस्थ', मादीला 'गृहिणी', पिल्लाला 'अपत्य'. जोडीबाहेरच्या मीलनावर मी दोन दिवस घालवले आणि 'परगृहसंबंध' हा शब्द घडवला. आजही तो मला वाईट वाटत नाही. वजन, पंखांची लांबी असल्या किरकोळ बाबी परिशिष्टात ढकलल्या आणि तळाशी टीप घातली, 'कागदाची बचत व्हावी म्हणून परिशिष्ट पत्रासोबत जोडू नये.' आणि सगळ्यात वरचा, पहिलाच रकाना होता 'जात'. हा तर मी वाचताक्षणी खोडला. आजच्या काळात कुणाची जात विचारायची म्हणजे काय? नोकरीत मी असा रकाना कुठे दिसला की लाल शाईने काढत असे. इथेही काढला आणि मला समाधान वाटलं.

मुलीने पिल्लांचे आणि मोठ्या पक्ष्यांचे रक्ताचे थेंब घेतले, अगदी हळुवार हाताने. म्हणाली, "काका, हे दोघं मिळून संसार करतात, मिळून पिल्लं वाढवतात, पण बाप कधी कधी वेगळा निघतो. गाणाऱ्या पक्ष्यांत हे खूप ठिकाणी आढळलंय." मी म्हटलं, "आढळलं असेल. आमच्या चार नंबरमध्ये नाही आढळायचं." माझा त्या जोडप्यावर जीव जडला होता. त्यानंतर पाच दिवसांनी, सकाळी पावणेसहाला, चार नंबरची वकिलीणबाई सरळ सात नंबरच्या झाडावर गेलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. पुढचं मी पाहिलं नाही, मान फिरवली. अशी ती चार वेळा गेली आणि मी चार वेळा मान फिरवली. शेऱ्याच्या रकान्यात मात्र प्रामाणिकपणे लिहिलं.

महिन्याने प्रयोगशाळेने अहवाल धाडला. माझाच फॉर्म टंकून, माझ्याच शब्दांत, शिक्का मारून. पाकिटावर पत्ता घातला तोही फॉर्मवरून: 'घर क्र. ४', खाली आमच्या बिल्डिंगचं नाव. पोस्टमनचा यात काय दोष? त्याने ते घर क्रमांक चारमध्ये टाकलं.

घर क्रमांक चारमध्ये, म्हणजे माणसांच्या, पाच जण राहतात. एक शिक्षिका, शाळेत भाषा शिकवते, सकाळची शाळा. तिचा नवरा, फिरतीच्या नोकरीवर. मुलगी आठ वर्षांची, मुलगा चार वर्षांचा. आणि सासूबाई, ज्या घरी येणारं प्रत्येक पाकीट उघडतात, कारण 'सुनेला वेळ नसतो'. त्या पाकिटातला कागद असा होता:

'घर क्र. ४. गृहस्थ: एक. गृहिणी: एक. अपत्ये: दोन. सर्वांच्या रक्तनमुन्यांच्या तपासणीअंती असे आढळून येते की, कनिष्ठ अपत्याचा जनक सदर गृहस्थ नसून घर क्र. ७ मधील गृहस्थ होय. परगृहसंबंध: सिद्ध. शेरा: सदर गृहिणी सकाळी पावणेसहाच्या सुमारास घर क्र. ७ कडे जाताना चार वेळा दृष्टीस पडली.'

खाली निरीक्षक म्हणून माझी सही होती. आणि घर क्रमांक सातमध्ये राहणारा गृहस्थही मीच.

त्या धाकट्याचं गेल्याच महिन्यात तापासाठी रक्त तपासलं होतं. सासूबाईंनी दोन आणि दोन मिळवले, उत्तर घेतलं आणि फिरतीवरच्या मुलाला फोन लावला. फोन जाऊन पोचायच्या आत भोंगा वाजला होता. संध्याकाळी तो नवरा कागद घेऊन माझ्या दारात उभा. मागे सासूबाई, त्यांच्या मागे काकू, जिन्यात इंजिनिअर, आणि ठराव, वही घेऊन.

"काका, हे काय आहे?" त्याने कागद माझ्यापुढे धरला.

मी कागद वाचला. खरं सांगतो, पहिल्यांदा मनात आलं ते हे, की किती नेटका उतरलाय. मग अर्थ कळला.

तेवढ्यात आमची ही स्वयंपाकघरातून आली, चष्मा लावून कागद वाचला, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि हसायला लागली. हसता हसता भिंतीला टेकली. "हे? हे पावणेसहाला? अहो, यांना सकाळी मोजे घालायला मी लागते!" मग काकू हसल्या. इंजिनिअर हसला. ठरावाने वही मिटून हसून घेतलं. आणि तो नवरासुद्धा, दोन मिनिटांपूर्वी माझा गळा धरायला आलेला, ओशाळून हसला. "नाही नाही, काका, तुमच्याबद्दल तसं कोण म्हणेल!"

आता यात हसण्यासारखं काय होतं? मी साठ वर्षांचा आहे. गुडघे सोडले तर प्रकृती ठणठणीत आहे. कागदावर शिक्क्यानिशी माझ्या घराचा नंबर असून एकाही माणसाला क्षणभरही माझा संशय येऊ नये, हे मला फार लागलं. तो अपमान गिळत असतानाच मला एक गोष्ट दिसली. शिक्षिकाबाई जिन्याच्या खालच्या पायरीवर उभ्या होत्या, धाकट्याचा हात धरून. कागद एकच होता, त्यावर घरं दोन होती. मला सगळ्यांनी हसून सोडलं होतं. त्यांच्याकडे बघून कुणी हसत नव्हतं.

"मग सात नंबर नाही तर कोण?" सासूबाई म्हणाल्या.

मी ओरडून सांगितलं की हे पक्ष्यांचं आहे. "पक्ष्यांचं रक्त कोण तपासतं?" काकू म्हणाल्या. "पक्ष्यांना कुणी गृहिणी म्हणतं?" इंजिनिअर म्हणाला. दुसऱ्या दिवशी मी संशोधक मुलीला बोलावून आणलं. तिने आवारात उभं राहून एका मिनिटात सगळं सांगितलं, नर, मादी, पिल्लू, पेटी, आणि परिशिष्टातलं वजनही वाचून दाखवलं, तीस ग्रॅम. सगळ्यांना पटलं. अगदी सासूबाईंनाही पटलं. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि घरी येऊन चहा मागितला.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. कागद पक्ष्यांचा होता हे पुढे कुणीही, कधीही नाकारलं नाही. "पक्ष्यांचंच हो ते, कोण नाही म्हणतंय?" असं म्हणूनच सगळे सुरुवात करायचे. "पण त्या निमित्ताने बघितलं तर धाकट्याचे कान कुणावर गेलेत, सांगा." खरोखर कुणालाच सांगता येईना. त्या कानांकडे चार वर्षांत कुणी बघितलं नव्हतं. आता लिफ्टमध्ये, फाटकावर, दुकानात, सगळे त्या पोराच्या कानांकडे बघायला लागले. काकूंनी जुने फोटो मागवले. इंजिनिअर म्हणाला कान हा भाग बेभरवशाचा, हनुवटी बघावी. आणि नवरा? तो फिरतीवर जाईना. घरी बसून जेवताना समोर बसलेल्या पोराकडे बघायचा. पोराने एकदा विचारलं, "बाबा, माझ्या तोंडाला काही लागलंय का?" हे मला बाईंनीच सांगितलं.

त्या माझ्याकडे आल्या होत्या, सोसायटीच्या सभेच्या आदल्या संध्याकाळी. ठरावाने सभेत विषय घेतला होता, 'घर क्र. ४ बाबत उद्भवलेली परिस्थिती'. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. दारातच उभ्या राहिल्या.

"काका, हे आता माझी टेस्ट करा म्हणतायत. म्हणजे पोराची. मी नाही म्हटलंय. सहा महिन्यांचा होता तेव्हापासून हे फिरतीवर, मी एकटीने वाढवलाय त्याला, आणि आता मी कागद आणून सिद्ध करायचं की तो घरचाच आहे? एकदा का ते केलं तर त्या घरात मी कशी राहायची?" त्यांचा आवाज चढला नाही. "तुम्ही उद्या सभेत तीन वाक्यं बोला. चूक माझी आहे. फॉर्म मी बिघडवला. या बाईंचा त्याच्याशी काही संबंध नाही. तुमचं लोक ऐकतात. एवढंच."

"अहो, पण तीन वाक्यांत विषयाला न्याय कसा मिळेल?" मी म्हटलं.

"विषयाला नकोय, काका. मला हवाय."

मी होकार दिला. मनापासून दिला. आणि मग बसून मसुदा लिहिला. आता बघा, 'चूक माझी आहे' हे वाक्य लिहायला तसं सोपं दिसतं. मी ते लिहिलं आणि त्याच्याकडे बघत बसलो. छत्तीस वर्षांत मी असं वाक्य कधी लिहिलं नव्हतं. आमच्या कचेरीतून असं वाक्य कधी बाहेरच पडलेलं नाही. शिवाय चूक तरी काय होती? शब्द शुद्ध होते. व्याकरण निर्दोष होतं. लोकांना वाचता येत नाही याला मी काय करू? मी ते वाक्य खोडलं आणि नीट लिहिलं. नऊ पानं झाली.

सभेला सगळी बिल्डिंग लोटली होती. एरवी टाकीच्या विषयाला कोरम होत नाही. मी उभा राहिलो आणि पहिलं वाक्य वाचलं, "सदर फॉर्मच्या शब्दयोजनेत किंचित संदिग्धता राहून गेली."

"कुणाकडून राहून गेली, काका?" मागून बाईंनी विचारलं.

सगळ्यांनी वळून त्यांच्याकडे बघितलं. मला मध्येच अडवलेलं आवडत नाही. मी पुढे वाचू लागलो. पक्ष्यांचा जीवनक्रम सांगितला, सहजीवन सांगितलं. पान चारवर आलं, "अत्यंत निष्ठावान भासणाऱ्या जोडप्यांमध्येही परगृहसंबंध सर्रास आढळतात, आणि घरातील गृहस्थास त्याची पुसटशीही कल्पना नसते, असे शास्त्र सांगते." मला आपलं पक्ष्यांबद्दल म्हणायचं होतं. पण सभेत जी शांतता पसरली ती पक्ष्यांबद्दलची नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "बघा, शास्त्रच सांगतंय."

मग नवरा उठला. "काका, तुम्ही दोन महिने रोज पहाटे खाली असायचात. ही शाळेला जाताना दिसायची?"

"दिसायच्या की. रोज. पावणेसहाला." मी खोटं कशाला बोलू?

"कुठे जायची?"

"फाटकाकडे. म्हणजे सात नंबरच्या झाडाखालून, उजवीकडे—"

"उजवीकडे? शाळा तर डावीकडे आहे."

"बसथांबा उजवीकडे आहे!" बाई म्हणाल्या. पण तोवर सभा उजवीकडे वळली होती. ठरावाने ठराव वाचला, 'सदर प्रकरणी रहिवाशांनी जिन्यात चर्चा करू नये व कुटुंबाने योग्य ती तपासणी करून घ्यावी.' भाषा सुबक होती. त्याने ती माझ्याकडूनच उचलली असणार. बाकीची पाच पानं मी वाचायला घेतली तेव्हा लोक खुर्च्या आवरत होते.

नवऱ्याने तपासणी करून घेतली. बाई शाळेत असताना पोराला घेऊन गेला. तीन आठवड्यांनी अहवाल आला, शंभर टक्के त्याचंच पोर. कानासकट. हा माणूस मिठाईचे डबे घेऊन मजलोमजली फिरला, आमच्याकडेही आला, डोळ्यांत पाणी. "काका, शंका मिटली!" काकू म्हणाल्या, "मला तर आधीपासून खात्री होती." इंजिनिअर म्हणाला, हनुवटी त्याने पहिल्याच दिवशी ओळखली होती. सासूबाईंनी सुनेला जवळ बोलावून सांगितलं की झालं गेलं विसरून जाऊ.

बाईंनी दोन बॅगा भरल्या. मुलांची दप्तरं भरली. मी योगायोगाने खाली होतो. नवरा मागे मागे येत होता, रिपोर्ट हातात. "अगं, आता तर सगळं नीट झालं ना? हे बघ, कागद बघ!" त्या रिक्षात बसल्या, मुलांना आत घेतलं आणि म्हणाल्या, "कागद वाचून मला घरात घेताय. उद्या दुसरा कागद आला तर?" रिक्षा डावीकडे गेली.

आणि बिल्डिंग काय म्हणाली? बिल्डिंग म्हणाली, रिपोर्ट चांगला येऊनही गेली म्हणजे कुठेतरी पाणी मुरत असणारच.

आठ दिवसांनी नवरा माझ्याकडे आला. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. आमच्या हिने त्याला चहा दिला. मला देणं तिने एव्हाना कमीच केलं होतं. म्हणाला, "काका, तिला एक पत्र लिहायचंय. मला जमत नाही. तुमचा हात बसलेला आहे. परत ये म्हणावं. आणि मी तुला माफ केलंय, हे नक्की घाला."

"कशाबद्दल?" मी विचारलं.

त्याने चहाच्या कपात बघितलं. मग म्हणाला, "कशाबद्दल म्हणजे... एकूणच, काका."

आमची ही उठून आत गेली आणि तिने भांडी आपटायला सुरुवात केली. मी त्या माणसाला तिथेच सांगायला हवं होतं की बाबा रे, माफीचं पत्र मला लिहू दे, माझं, माझ्या सहीचं, आणि तूही तुझं लिही. ते ओठांवर आलं होतं. पण समोर कोरा कागद होता आणि छत्तीस वर्षांची सवय. मी पत्र लिहून दिलं. चांगलं उतरलं. त्याने खाली सही केली, वाचून रडला आणि पोस्टात टाकून आला.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. नवऱ्याला नाही, मला. पाकिटावर माझं नाव होतं, पूर्ण, पदवीसकट. आत माझंच पत्र होतं, घडी घालून परत पाठवलेलं. बाईंनी ते वहीसारखं तपासलं होतं. ऱ्हस्वदीर्घाची एकही चूक काढलेली नव्हती, काढण्यासारखी नव्हतीच. फक्त 'मी तुला माफ केले आहे' या वाक्याखाली लाल रेघ होती, आणि समासात दोन शब्द होते.

'कर्ता चुकला.'